एका हाताने उघडणारी पेटी : गावरस्त्यांवर मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी प्रथमोपचार आणि स्वबचावाचे साहित्य

पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी गेली १४ वर्षे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात फिरतो आहे आणि या नोकरीत टेबलापेक्षा मोटारसायकलचाच सहवास जास्त घडतो. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या बाजूला दोन गावांमधले अंतर कधी आठ, कधी बारा किलोमीटर असते. मध्ये दुकान नाही, गॅरेज नाही, आणि दिवस मावळल्यावर एखादी बंडी किंवा ट्रॅक्टर दिसला तर दिसला. नवीन रुजू झालेले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेवक, बँकेचे वसुली कर्मचारी मला नेहमी विचारतात की गाडीवर नेमके काय काय ठेवावे. त्यांना तोंडी जे सांगतो, ते येथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये माझी गाडी घसरली. सोयाबीनची मळणी चालू होती आणि डांबरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर कोणीतरी दाणे वाळत घातले होते. कमी उजेडात ते मला दिसले नाहीत, आणि टायरखाली गोल दाणे आल्यावर ब्रेकचा काही उपयोग उरत नाही. डावे मनगट मोडले, हनुवटी फाटली. माझ्याजवळ प्रथमोपचाराची पेटी होती, परंतु ती डाव्या बाजूच्या डिक्कीत होती आणि गाडी डाव्याच बाजूला पडली होती. फोन हँडलवरच्या क्लिपमध्ये होता. तो उडून शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गेला आणि तेथेच वाजत राहिला. झाडांच्या बुंध्यांतून त्याचा उजेड मला दिसत होता, पण उठून तेथवर जाणे होत नव्हते. पुढे एका कास्तकाराने गाडी उभी करून पेटी काढून दिली, तेव्हा बँडेजचे प्लास्टिक वेष्टन एका हाताने फाटेना आणि दातांनी फाडावे तर हनुवटीतून रक्त वाहत होते. शेवटी त्याच कास्तकाराने कुंपणातल्या दोन तुराट्या काढल्या, स्वतःच्या दुपट्ट्याने हात बांधला आणि मला आरोग्य केंद्रात पोहोचवले.

त्या दिवशी पेटीत सामान भरपूर होते आणि तरीही ती माझ्या कामी आली नाही. म्हणून या लेखात सामानाच्या यादीइतकेच महत्त्व सामानाच्या जागेला दिले आहे. एकटे असताना, अंधारात, एका हाताने उघडता येईल तीच पेटी खरी, असे समजून पुढचे वाचावे.

१. आधी सामानाचे तीन भाग करा

बहुतेक लोक सगळे साहित्य एकाच पिशवीत कोंबतात आणि ती पिशवी पान्यांखाली दाबून टाकतात. त्याऐवजी कोणती वस्तू किती वेळात हाताला लागली पाहिजे, या हिशेबाने वाटणी करावी. पहिल्या पाच मिनिटांत जे लागेल ते अंगावर असावे, कारण पडल्यावर तुम्ही एकीकडे आणि गाडी दुसरीकडे असू शकते. पहिल्या तासाभरात जे लागेल, म्हणजे प्रथमोपचाराचा पाउच, तो पाठीवरच्या पिशवीत किंवा सीटच्या मागच्या भागावर मधोमध बांधलेला असावा, जेणेकरून गाडी कोणत्याही कुशीवर पडली तरी तो निघेल. गाडी दुरुस्तीचे साहित्य मात्र डिक्कीत राहिले तरी चालते, कारण ते लागण्याची वेळ येते तेव्हा तुम्ही उभे असता.

डिक्कीला कुलूप असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. किल्ली इग्निशनमध्ये असते आणि हँडल वाकले तर ती तेथेच अडकते. डिक्कीची दुसरी किल्ली कमरेच्या पट्ट्याला असू द्या.

२. अंगावर काय असावे

हेल्मेट हे स्वबचावाचे पहिले साहित्य आहे. त्यावर आयएस ४१५१ हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहूनच ते घ्यावे, आणि हनुवटीचा पट्टा दोन बोटे जातील इतकाच सैल ठेवावा. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात निघून जाते. गावात शिरताना ते काढून आरशाला टांगण्याची आपल्याकडची रीत तर मला अजून समजलेली नाही, कारण कुत्री, वासरे आणि शेळ्या आडव्या येतात त्या गावातच.

फोन हँडलवर न ठेवता शर्टाच्या किंवा जॅकेटच्या चेन असलेल्या खिशात ठेवा. त्याच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरून ठेवण्याची सोय असते. रक्तगट, घरच्या दोन माणसांचे क्रमांक, मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती, आणि एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर तीही त्यात लिहावी. हीच माहिती एका जाड कागदावर लिहून, त्याला लॅमिनेशन करून खिशात ठेवावी, कारण पडल्यावर फोनची काच फुटते. त्याच खिशात एक शिट्टी असू द्या. छातीला मार लागलेल्या माणसाला ओरडता येत नाही, पण शिट्टी फुंकता येते आणि वावरात राखण करणाऱ्याला ती दूरवर ऐकू जाते.

डोक्याला बांधायची छोटी टॉर्च, आणि गळ्यात किंवा डोक्याला गुंडाळलेला सुती दुपट्टा, इतके झाले की अंगावरचा भाग पुरा होतो. दुपट्टा उन्हापासून वाचवतो हे आपल्याला सांगायला नको. तोच झोळी होतो, रक्त दाबायची घडी होतो आणि मोडलेल्या हाडाला आधार देणारी पट्टीही होतो. नायलॉनचा नको, सुतीच असावा.

३. प्रथमोपचाराचा पाउच भरणे

नव्या गाडीबरोबर जो छोटा डबा मिळतो त्यात बहुधा चार चिकटपट्ट्या, कापूस आणि एक मलम एवढेच असते. तो खरचटण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर न राहता पुढील वस्तू औषधाच्या दुकानातून वेगळ्या आणाव्यात.

— निर्जंतुक गॉजच्या घड्या, मोठ्या आकाराच्या १०
— रोलर बँडेज, ७.५ आणि १० सेंटिमीटर रुंदीचे प्रत्येकी २
— क्रेप बँडेज, १० सेंटिमीटर, १
— त्रिकोणी पट्ट्या २
— कापडी चिकटपट्टीचा रोल १
— हातमोजे ३ जोड, शक्यतो नायट्राइलचे, कारण रबराचे मोजे उन्हाने चिकट होऊन एकमेकांना धरून बसतात
— बोथट टोकाची मजबूत कात्री, जिने जीन्स कापता येईल
— जखम धुण्यासाठी सलाइनची छोटी बाटली, किंवा पिण्याच्या पाण्याची वेगळी सीलबंद बाटली
— पोव्हिडोन आयोडीन मलम
— पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक पट्टी आणि ॲलर्जीसाठी सेट्रिझिनच्या काही गोळ्या
— ओआरएसची ४ पाकिटे
— काटे काढायचा चिमटा, पेन्सिल आणि चार कोरे कागद

कापूस मी मुद्दाम लिहिलेला नाही. उघड्या जखमेवर कापूस ठेवला की त्याचे तंतू रक्तात चिकटतात आणि दवाखान्यात ते काढताना जखम पुन्हा वाहू लागते. वेदनेसाठी ॲस्पिरिनही ठेवू नये, कारण तिच्यामुळे रक्त गोठण्यास उशीर लागतो.

माझ्या व्यवसायामुळे आणखी एक सूचना द्यावी लागते. जनावरांच्या जखमेवर मारायचा स्प्रे पुष्कळ घरांत असतो आणि माणसांच्या जखमेवरही तो बिनदिक्कत मारला जातो. माझ्याकडूनही लोक तो मागून नेऊ पाहतात. तो माणसासाठी बनवलेला नाही. या मोहाला जागाच राहू नये म्हणून माझ्या दोन पेट्या दोन वेगळ्या रंगांच्या आहेत.

भरताना प्रत्येक वस्तूचे वेष्टन एका कडेला कात्रीने किंचित चिरून, वरून सहज निघेल अशी चिकटपट्टी लावावी आणि तिचे टोक दुमडून ठेवावे, म्हणजे एका हाताने ते ओढता येते. निर्जंतुक गॉजचे आतले वेष्टन मात्र चिरू नये. सगळ्यात वर हातमोजे, त्याखाली गॉज आणि बँडेज, आणि तळाला गोळ्या असा क्रम असावा. पाउचच्या चेनला नाडीचा मोठा फास बांधा, कारण थरथरत्या बोटांना चेनचे छोटे टोक धरता येत नाही.

४. पाउच उघडल्यावर काय करायचे

मी डॉक्टर नाही. भारतीय रेडक्रॉस सोसायटी आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. तसा एक वर्ग तुम्ही करावाच, आणि तोपर्यंत निदान पुढील गोष्टी माहीत असाव्यात.

रक्तस्राव आधी, बाकी सगळे नंतर. गॉजची जाड घडी जखमेवर ठेवून तळहाताने सरळ दाब द्या आणि किमान दहा मिनिटे हात उचलू नका. थांबले की नाही हे पाहण्यासाठी दर मिनिटाला घडी उचलणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण जमू लागलेली गाठ त्यामुळे निघते. घडी भिजली तर ती न काढता तिच्यावर दुसरी ठेवा, आणखी जोराने दाबा आणि मग बँडेज घट्ट गुंडाळा. हातापायातून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून, किमान दोन बोटे रुंदीची पट्टी बांधावी, तिच्यात काडी अडकवून धार थांबेपर्यंत पिळावी आणि बांधल्याची वेळ कागदावर लिहावी. एकदा बांधलेली ही पट्टी मध्येच सैल करू नये. ते काम दवाखान्याचे. त्यासाठी दोरी, तार किंवा बुटाची नाडी कधीही वापरू नये, बारीक वस्तू मांसात रुतते.

दुसऱ्याचा अपघात पाहून तुम्ही थांबला असाल तर जखमीचे हेल्मेट घाईने ओढू नका. तो बोलत असेल, श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास अडतो आहे किंवा उलटी होते आहे असे दिसले तरच ते काढावे, आणि तेही दोघांनी: एकाने मान आणि डोके दोन्ही हातांनी स्थिर धरायचे, दुसऱ्याने पट्टा कापून हेल्मेट हळूहळू सरकवायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडे फार घाई असते. ते पाणी श्वासनलिकेत जाते. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे हा दुसरा धोका. मणक्याला इजा असेल तर त्या प्रवासात ती वाढते. फळी, बाज किंवा घराचा दरवाजा आडवा करून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवून नेणे त्यापेक्षा कितीतरी बरे, आणि रुग्णवाहिका येणार असेल तर न हलवणे सर्वांत बरे.

हाड मोडल्याची शंका असेल तर जसा हात आहे तसाच बांधावा, ओढून सरळ करू नये. वरच्या आणि खालच्या सांध्यापर्यंत पोहोचतील अशा दोन तुराट्या, किंवा घट्ट गुंडाळलेले वर्तमानपत्र, दोन्ही बाजूंना लावून दुपट्ट्याने बांधा. त्याआधी अंगठी, कडे आणि घड्याळ काढून घ्या, अर्ध्या तासाने सूज आल्यावर ती निघत नाहीत. बांधल्यानंतर नख दाबून सोडले असता दोन सेकंदांत त्याचा गुलाबीपणा परत आला पाहिजे. तसे झाले नाही तर बांधणी सैल करा.

खरचटलेल्या जागी खडी आणि माती अडकलेली असते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, वर मलम लावा आणि गॉज ठेवा. हळद, चुना, कॉफी यांपैकी काहीही नको. जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावे.

सायलेन्सरचा चटका बहुतेकदा मागे बसणाऱ्याच्या पोटरीला बसतो, विशेषतः साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईच्या किंवा लहान मुलाच्या. त्यावर २० मिनिटे साधे गार पाणी वाहू द्या. हापशी जवळ असेल तर तीच उत्तम. बर्फ, टूथपेस्ट, तूप लावू नका आणि फोड फोडू नका.

सापाबद्दल येथे लिहिण्याचे कारण असे की रात्री रस्त्याच्या कडेला, गवतात गुडघे टेकून, पंक्चर काढताना दंश होऊ शकतो. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही आहेत. दंश झाल्यास वर सांगितलेली पिळलेली पट्टी बांधू नये. ती फक्त धार लागलेल्या रक्तासाठी आहे. चिरा देऊ नये, तोंडाने ओढू नये. तो अवयव तुराटीने स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या दवाखान्यात सरळ न्या. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही.

५. गाडीचे साहित्य

गाडीबरोबर येणारी हत्यारे बहुधा मऊ लोखंडाची असतात आणि दुसऱ्या वेळी बोल्टवर घसरतात. माझ्या गाडीसाठी ८-१०, १२-१३ आणि १४-१७ असे दुतोंडी पाने, प्लग पाना, दोन्ही तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि ॲलन की एवढे पुरते. तुमच्या गाडीला काय लागते ते गॅरेजमध्ये उभे राहून, मिस्त्री चाक काढताना पाहून लिहून घ्यावे. मागच्या चाकाच्या एक्सलचा नट प्रत्येक गाडीचा वेगळा असतो, आणि नेमका तोच पाना लोकांकडे नसतो.

सुट्या भागांत एक क्लच केबल, एक ॲक्सिलरेटर केबल, स्पार्क प्लग, गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये आहेत त्याच अँपिअरचे दोन-दोन फ्यूज, तुटलेली चेन जोडायचे चेन लॉक, आणि क्लचचे व पुढच्या ब्रेकचे लिव्हर ठेवावे. गाडी पडली की पहिला बळी लिव्हरचा जातो. एक युक्ती: लिव्हर ज्या पट्टीने हँडलला धरलेले असते तिचे बोल्ट इतकेच कसा की हाताने जोर लावल्यास ते हँडलभोवती किंचित फिरेल. मग पडताना ते तुटण्याऐवजी फिरते. फक्त चालवताना ते जागचे हलत नाही ना, हे तपासून घ्या.

इन्सुलेशन टेप, प्लास्टिकच्या झिप टाय, दोन मीटर बांधायची तार, एम-सील आणि पाच-सहा मीटर मजबूत दोरी हे कोणत्याही मिस्त्रीपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडते. टेपचा अख्खा रोल न नेता तो पंपाच्या दांड्यावर गुंडाळून ठेवला की जागा वाचते.

गाडी पडल्यानंतर लगेच सुरू करू नका. आधी किल् स्विच बंद करा, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही बंद करा, सांडलेले पेट्रोल उडून जाऊ द्या. बीडी ओढत मदतीला आलेल्या माणसाला चार पावले दूर उभे करा. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत कलंडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी करून किल्ली पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ती सुरू होत नाही, आणि या साध्या कारणासाठी गाडी टोचन करून तालुक्याला नेलेले लोक मी पाहिले आहेत. बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलून सुरू होते का ते पाहा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार संपली असेल तर हा उपाय चालत नाही.

पेट्रोल प्लास्टिकच्या बाटलीत घेऊन फिरू नये. धारणी, भामरागड किंवा सिरोंचा अशा दूरच्या बाजूला जाताना तालुक्याच्या ठिकाणी टाकी भरूनच पुढे निघावे.

६. पंक्चर

आपल्याकडे टायरचा खरा शत्रू बाभळीचा काटा. कुंपणासाठी नेलेल्या फांद्या बंडीतून रस्त्यावर गळतात आणि पांदणीत तर त्यांचा थरच असतो. तुमच्या गाडीला ट्यूबलेस टायर आहे की ट्यूबचा, हे आधी पाहा. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, आणि ट्यूबलेसचा संच तिला निरुपयोगी आहे. ही चूक विकत घेताना पुष्कळांकडून होते.

ट्यूबलेससाठी रीमर (भोक खरवडून मोठे करायची सळई), सुई, रबरी स्ट्रिप आणि ब्लेड असलेला संच घ्यावा. काटा किंवा खिळा दिसताच उपटू नका. सगळे साहित्य काढून, स्ट्रिप सुईत ओवून मगच तो ओढा, आणि कोणत्या कोनात शिरला होता ते पाहून त्याच कोनात रीमर घाला. स्ट्रिप दोन तृतीयांश आत गेली की सुई झटक्यात बाहेर ओढायची आणि बाहेरचे शेपूट थोडे ठेवून कापायचे. थुंकी लावून बुडबुडे येतात का पाहावे. हवेसाठी पायाने दाबायचा छोटा पंप पुरतो. बॅटरीवर चालणारा पंप सोपा आहे, पण त्याचे चार्जिंग घरी विसरले जाते आणि पायाचे विसरले जात नाही.

ट्यूबच्या टायरला एक सुटी ट्यूब, टायर उघडायच्या दोन लोखंडी पट्ट्या आणि वरचा एक्सल पाना लागतो. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरवावे, काट्याचे टोक आत राहिले असेल तर ते कापडाला अडकते. बोट फिरवू नये.

हे सगळे पहिल्यांदा रस्त्यावर करू नका. पंक्चरवाल्याकडून टाकून दिलेले टायर मागून आणा, खिळा ठोका आणि अंगणात सराव करा. माझी पहिली स्ट्रिप आत जाण्याऐवजी सुईसकट परत बाहेर आली होती.

जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे मेळघाट, ताडोबा, टिपेश्वर, नवेगाव-नागझिरा या बाजूंना, चाक पूर्ण बसले नसेल तर हवा भरत भरत पुढच्या गावापर्यंत जावे. तेथे कडेला वाकून काम करत बसण्याइतकी वाईट जागा नाही. थांबणे भागच पडले तर इंडिकेटर चालू ठेवा, दोघे असाल तर एकाने उभे राहून टॉर्च फिरवत राहावे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

७. मदत बोलावणे आणि कागदपत्रे

रुग्णवाहिकेसाठी १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून असून ती विनामूल्य आहे. पोलीस व इतर आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोनवर सर्वांत अवघड काम जागा सांगण्याचे असते. मागचे गाव, पुढचे गाव, तालुका, जिल्हा, आणि जवळच्या किलोमीटर दगडावरचा किंवा विजेच्या खांबावरचा आकडा, या क्रमाने सांगा. नेटवर्क नसेल तर येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडी निरोप न देता पाउचमधल्या कागदावर पेन्सिलीने जागा, जखमींची संख्या आणि वेळ लिहून चिठ्ठी द्यावी. तोंडी निरोप दुसऱ्या गावापर्यंत पोहोचताना बदलतो. पेन्सिल यासाठी की ती ओल्या कागदावरही उमटते.

परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर चालतात. तथापि नेटवर्क नसलेल्या भागासाठी ती आधीच उघडून ठेवावीत आणि विम्याची एक छायाप्रत प्लास्टिकमध्ये जवळ असावी. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळतात. दाखल करतानाच याची विचारणा करावी.

दुसऱ्याला मदत करताना पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगणारे अनेक आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले असून, सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही. त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

८. ऋतूप्रमाणे बदल

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद डिक्कीत गोळ्या आणि मलमे टिकत नाहीत, चिकटपट्टीचा गोंद वितळतो. एप्रिल ते जून पाउच रोज घरात आणावा. या महिन्यांत दोन लिटर पाणी आणि ओआरएस हेच मुख्य औषध. पाकिटावर लिहिले असेल तितक्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावे. मोठे पाकीट एक लिटरचे असते, आणि अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकून पिण्याची सवय चुकीची आहे. डोके जड होऊन चालवताना बोलणे अडखळू लागले, घाम थांबला, कातडी तापली, तर तो उष्माघात समजून सावलीत थांबा, अंगावर पाणी ओता, दुपट्टा भिजवून मानेवर व काखेत धरा आणि १०८ ला फोन करा. खिशातला कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, पण पाण्याची बाटली त्याच्या जागी कमी करू नका.

पावसाळ्यात काळ्या मातीची गाडी वेगळीच. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती भरून चाक जागचे हलत नाही, आणि काडीने उकरून शंभर पावले गेले की पुन्हा तेच. पुढचे मडगार्ड १० किंवा १२ च्या पान्याने काढून सीटमागे बांधणे हाच उपाय. तो पाना पावसाळाभर वर ठेवा. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. वेगाने वाहणारे पाणी साधारण १५ सेंटिमीटर खोल असले तरी माणसाचे पाय उचलते, आणि गाडीसह उतरल्यावर खाली कठडा उरला आहे की वाहून गेला हे दिसत नाही. प्रथमोपचाराचा पाउच या दिवसांत जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावा.

हिवाळ्यात कापूस आणि ऊस वाहणारी, मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर आणि बंड्या असतात, रात्री रोही (नीलगाई) आणि रानडुकरे आडवी येतात. परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट पाउचवरच गुंडाळून ठेवावे, म्हणजे गाडी बंद पडली की ते आधी अंगावर चढते.

९. तपासणी

वर्षातून दोनदा सगळे सामान अंगणात पसरून पाहावे. मी गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला पाहतो, कारण दसऱ्याला गाडी धुऊन पूजा होतेच. गोळ्यांवरची मुदत, मोज्यांचा चिकटपणा, टॉर्चचे सेल, पंपाचे वॉशर, सुटी केबल गंजली आहे का, एवढे बघायचे. मग दिवा मालवून, डावा हात पाठीमागे बांधून, पाउच उघडून गॉज बाहेर काढायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पहिल्या खेपेला मला दीड मिनिट लागले होते. आता मोठी मुलगी घड्याळ लावून बसते आणि पंधरा सेकंदांच्या वर गेलो तर पुन्हा करायला लावते.